टकरांच्या घोंगडीला हळदकुंकू

डेट्रॉइटच्या विमानतळावर नितीन मला न्यायला आला होता. दोन वर्षांनी आईला पाहून त्याने भर गर्दीत वाकून नमस्कार केला आणि उठता उठता विचारलं, "आई, तुझ्या बॅगेत परकराची एखादी जास्तीची नाडी आहे का गं?"

नाडी होती. ती त्याच्या मोटारीला हवी होती. शिक्षण संपवून निघालेल्या कुणा विद्यार्थ्याकडून त्याने ती जुनी मोटार घेतली होती, आणि तिचं माझ्या बाजूचं दार वळणावर आपोआप उघडायचं. आम्ही दार आतून नाडीने सीटला बांधलं. साताऱ्याच्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिकेचा अमेरिकेत प्रवेश झाला तो असा, नाडीचं टोक मुठीत घट्ट धरून. चौऱ्याऐंशी सालचा जुलै होता. आमचे हे विमानाला घाबरतात, त्यामुळे मी एकटीच गेले होते.

नितीन राहत होता ते ॲन आर्बर हे विद्यापीठाचं गाव. जिकडे बघावं तिकडे विद्यार्थी, सायकली आणि झाडं. बस ठरल्या वेळेला येते आणि तरीही लोक तिच्यासाठी धावतात, हे काही मला कळलं नाही. घरांना पुढच्या बाजूने भिंत नाही, फाटक नाही, नुसती हिरवीगार हिरवळ, आणि त्यावर शेळीसुद्धा चरताना दिसत नाही. एवढं गवत वाया जाताना पाहून जीव हळहळला. नितीन म्हणाला, "आई, इथं विंटरमध्ये ये, मग गवत काय, रस्तासुद्धा दिसत नाही."

तो ज्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता, त्याची मालकीण खालच्या मजल्यावर राहायची. नाव डोरिस टकर. वय सत्तरीचं, केस कापसासारखे, अंगात फुलाफुलांचा झगा आणि पायात कॅनव्हासचे बूट. नवरा बॉब जाऊन काही वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. "मला नुसतं डोरिस म्हण," ती म्हणाली. सत्तरीच्या बाईला नुसतं डोरिस म्हणायला जीभ वळेना. मी डोरिसबाई म्हणू लागले. त्यांना वाटलं, हे आपलं लाडाचं नाव आहे. आठ दिवसांत त्या फोन उचलून "डोरिसबाई बोलतेय" असं सांगायला लागल्या.

आपल्याकडे माणूस भेटला की पहिल्या मिनिटाला आडनाव, दुसऱ्या मिनिटाला गाव आणि तिसऱ्या मिनिटाला त्या आडनावाचा इतिहास निघतो. मीही तेच केलं. आम्ही दफ्तरदार, म्हणजे राज्याची कागदपत्रं सांभाळणारे. तुम्ही टकर, म्हणजे कोण?

"आई, प्लीज, इथं असं विचारत नाहीत," नितीन पुटपुटला.

पण डोरिसबाई खूश झाल्या. त्यांनी मला हाताला धरून दिवाणखान्यात नेलं आणि भिंतीवरची लाकडी ढाल दाखवली. ढालीवर तीन विचित्र प्राणी होते, तोंड घोड्याचं आणि शेपूट माशाची. "बॉबच्या मोठ्या भावाने, हॅलने, पोस्टाने मागवली. टकर घराण्याचं मानचिन्ह आहे. हॅल म्हणतो, मूळ पुरुष सरदार होता."

"सरदार मासे धरायचे की घोडे पाळायचे?" मी विचारलं.

"ते हॅललाही माहीत नाही," त्या म्हणाल्या.

शाळेत एखाद्या मुलीने प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही, तर मला रात्रभर झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नितीनला घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. दाढीवाल्या ग्रंथपालाला म्हटलं, इंग्लंडमधल्या आडनावांवरचं पुस्तक हवंय. हे गृहस्थ माझ्यावर इतके प्रसन्न झाले की एक मागितलं तर चार घेऊन आले. बहुधा उन्हाळ्यात त्यांना कोणी काही विचारत नसावं.

टकर हा सरदार नव्हता. टकर म्हणजे लोकरी कापड तुडवणारा. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरविरीत आणि तेलकट असतं. ते हौदात टाकून पायांनी तासन् तास तुडवायचं, म्हणजे आटतं, जाड होतं आणि वारा-पाणी अडवतं. हौदात घालायचं काय, तर एक माती, तीच जी आपण मुलतानी माती म्हणून तोंडाला लावतो, आणि दुसरं, गावभरातून घरोघर फिरून जमा केलेलं, शिळं, माणसांचं मूत्र. मग ते कापड स्वच्छ धुऊन टेंटरवर (कापड ताणून वाळवायची लाकडी चौकट) खिळ्यांना अडकवायचं. हेच काम करणाऱ्याला इंग्लंडच्या उत्तरेत वॉकर म्हणत, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे फुलर आणि नैऋत्येकडे टकर. पुढे पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे आले, माणसं हौदातून बाहेर पडली, पण सरकारी कारकुनाने एकदा लिहून घेतलेलं नाव पोरांना चिकटलं ते चिकटलंच.

मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. नितीन शेजारी डोकं धरून बसला होता. "आई, हे डोरिसला सांगू नकोस. तिच्या सरदाराचं तू काय करून ठेवलंस! ती मला घराबाहेर काढेल यार."

"आईला यार म्हणतोस?" मी म्हटलं. पण त्याचं म्हणणं पटलं. सत्तरीच्या बाईचा सरदार हौदात ढकलण्यात काय अर्थ? मी वही मिटली.

मंगळवारी डोरिसबाईंनी बेसमेंटमधून (तळघरातून) एक पेटी वर आणली. पेटीत पांढरी लोकरी घोंगडी होती, दुहेरी पलंगाला पुरून उरेल एवढी. टकरांचा पहिला माणूस इंग्लंडहून समुद्र ओलांडून आला तेव्हा ती पांघरून आला, अशी घराण्यात समजूत. दर जुलैत ओहायोमध्ये टकरांचं रियुनियन (भाऊबंदांचा वार्षिक मेळावा) भरतं. त्या दिवशी घरातली मोठी माणसं घोंगडीच्या चारी कडा धरून उभी राहतात, त्या वर्षी जन्मलेली बाळं मध्ये ठेवतात आणि फोटो काढतात. घोंगडी सांभाळायचा मान बॉबचा होता, तो गेल्यावर डोरिसबाईंकडे आला.

"मार्जला ते खपत नाही," त्या म्हणाल्या. मार्ज ही बॉबची धाकटी बहीण, म्हणजे डोरिसबाईंची नणंद, लग्नानंतर मार्ज मिलर झालेली. "ती म्हणते, डोरिस काही रक्ताची टकर नाही. घोंगडी माझ्याकडे आहे म्हणून मला बोलावतात. घोंगडी गेली की मला कशाला कोण बोलावेल?"

मला एकदम भरून आलं. दफ्तरदारांच्या घरचे देव तीस वर्षं मी घासतेय, पण सासरच्या बैठकीत कोणी काही विचारलं की सगळे माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे बघतात. भरून आलं की माझे हात मला विचारत नाहीत. एवढी जुनी वस्तू, सात समुद्र ओलांडून आलेली, पिढ्यांनी पांघरलेली! आपण दसऱ्याला तराजूला आणि शिवणयंत्रालाही हळदकुंकू वाहतो. मी पर्समधला करंडा काढला, घोंगडीच्या मधोमध चांगली चिमूटभर हळद वाहिली, वर कुंकू वाहिलं आणि हात जोडले.

डोरिसबाईंनीही हात जोडले. "सुंदर," त्या म्हणाल्या. "आता हे निघतं कसं?"

तो प्रश्न त्यांनी आधी विचारायला हवा होता. मी झटकलं, ते पसरलं. ओल्या फडक्याने पुसलं, ते आत मुरलं. मग डोरिसबाई साबण घेऊन आल्या. हळदीला साबण लागला की काय होतं ते आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं, पण त्या घटकेला माझी मती गुंग झाली होती. पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. पांढऱ्या घोंगडीवर कुणाचा तरी मुडदा पडल्यासारखं दिसू लागलं.

"घाबरू नका," मी म्हटलं. "आमच्याकडे जाड गोधड्या कशा धुतात ते दाखवते."

बाथटबमध्ये कढत पाणी सोडलं, कपड्यांची पावडर अर्धा डबा ओतली, घोंगडी बुडवली, पदर खोचला, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि आत उतरून तुडवायला सुरुवात केली. डोरिसबाई दोन मिनिटं दारात उभ्या राहिल्या. मग त्यांनी बूट काढले, झगा वर धरला आणि त्याही आत आल्या. आम्ही दोघी एकमेकींच्या खांद्यांना धरून पाऊण तास नाचलो. फेस कानापर्यंत आला. डोरिसबाई इतक्या हसल्या की एकदा खाली बसल्या आणि त्यांना उठवायला नितीनला हाक मारावी लागली. तो दारापर्यंत आला, आम्हाला पाहिलं, डोळे झाकले आणि तसाच हात पुढे केला.

आदल्याच दिवशी मी पान न् पान वाचून वहीत लिहिलं होतं की लोकर अशी तुडवली की आटते. पण वही वरच्या मजल्यावर होती आणि पाय खालच्या मजल्यावर. शिकल्यासवरल्या माणसाचं हे असं असतं.

पाणी सोडून घोंगडी बाहेर काढली. डाग गेला होता. घोंगडीही जवळजवळ गेली होती. पलंगाला पुरून उरणारी घोंगडी आता निम्मी झाली होती आणि बोटभर जाड. डोरिसबाईंनी ती हातात धरून उलटसुलट करून पाहिली. त्यांनी मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

"शनिवारी रियुनियन आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

मग मला टेंटर आठवला. मागच्या अंगणाला लाकडी कुंपण होतं. नितीनने हातोडा आणला, आणि तिघांनी मिळून ओली घोंगडी खेचून खेचून कुंपणाला खिळ्यांवर ताणली. एका बाजूला नितीन ओढत होता, दुसऱ्या बाजूला मी, आणि त्याच्यात माझ्याइतका जोर नाही हे त्या दिवशी कळलं. वाळल्यावर घोंगडी वीतभर वाढली, पण एकाच अंगाने. एक कोपरा अंगठ्यासारखा बाहेर आला.

"परफेक्ट मिशिगन," नितीन म्हणाला. त्यांच्या राज्याचा नकाशा हातमोज्यासारखा आहे. माझ्या चेहऱ्याकडे बघून तो हातोडा ठेवायला निघून गेला.

शनिवारी पहाटे आम्ही तिघं निघालो. घोंगडी उशीच्या अभ्र्यात मावली, यातच सगळं आलं. मी डोरिसबाईंना म्हटलं, मी येऊन सगळ्यांसमोर कबूल करते. त्या म्हणाल्या, "तू पाहुणी आहेस. तू गप्प बस आणि जेव." चार तास दोन्ही बाजूंना मक्याची शेतं होती आणि मी दाराची नाडी धरून बसले होते.

नदीकाठच्या एका बागेत पन्नास-साठ टकर जमले होते. सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे बनियन, छातीवर तीन घोडमासे. हॅलनेच छापून घेतले होते. उंच, ढेरपोट्या, गमत्या माणूस. आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. मार्जबाई बारीक, ताठ आणि हातात याद्या घेतलेल्या. जेवण पॉटलक होतं (प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा बेत). मी साठ बटाटेवडे नेले होते, ते दहा मिनिटांत संपले. एका परातीत हिरवीगार थरथरती जेली होती आणि तिच्या पोटात किसलेलं गाजर दिसत होतं. ही गोड की तिखट, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "कोशिंबीर आहे." मी मक्याचं कणीस घेतलं आणि गप्प बसले.

जेवणानंतर हॅलने शिट्टी वाजवली. "घोंगडी!"

डोरिसबाईंनी अभ्र्यातून घोंगडी काढून हिरवळीवर अंथरली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाकीची कुठे आहे?"

"डोरिस, हे काय केलंस तू?" मार्जबाईंनी विचारलं.

"मी धुतली," डोरिसबाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मार्जबाईंनी यादी घडी करून खिशात घातली. शांतपणे, जणू हे कधीतरी होणारच होतं असं. "आता हिच्याभोवती आठच माणसं मावतील. तेव्हा आधी रक्ताच्या टकरांनी कडा धरा. घोंगडी आज मी घरी नेईन." हॅल, मार्जबाई आणि आणखी सहा जणं पुढे झाली. डोरिसबाईंनी धरलेला कोपरा सोडला आणि त्या मागे सरून जेलीच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मला संताप आला. स्वतःचा आला होताच, त्यात मार्जबाईंचाही आला. माझं इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातलं आहे, त्यामुळे गप्पा मारायला वाईट आणि भांडायला उत्तम.

"घोंगडी मी बिघडवली," मी मोठ्याने म्हटलं. "डाग मी पाडला आणि कढत पाणीही मीच सोडलं. या बाईने माझं नाव घेतलं नाही, कारण मी पाहुणी. आणि मार्जबाई, टकर हे रक्ताचं नाव नाही, कामाचं नाव आहे. तुमचा मूळ पुरुष लोकरीचं कापड पायांनी तुडवायचा. कारकुनाने विचारलं, काय करतोस? तो म्हणाला, तुडवतो. झालं आडनाव. आता ज्यांनी कधी कापड तुडवलंय त्यांनी हात वर करा."

कोणीच हात वर केला नाही. दोघं-तिघं तर शाळेतल्यासारखे खाली बघू लागले.

"डोरिसबाईंनी तुडवलंय. मंगळवारी, पाऊण तास, माझ्या खांद्याला धरून. मग खिळ्यांवर ताणून वाळवलंय. तुमच्या घरात किती पिढ्यांनी कोणी टकरचं काम केलं असेल तर ते या सुनेने. तुम्ही स्वतः लग्न करून मिलर झालात, म्हणजे गिरणीवाल्या. आम्ही कोणी तुमच्याकडे दळण आणलंय का?"

मार्जबाई लाल झाल्या. हॅलने छातीवरच्या घोडमाशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सरदार नव्हता म्हणता?"

"नव्हता."

"तुडवायचे ते कशात?"

"आई, नको," नितीन मागून म्हणाला.

पण विद्यार्थ्याने प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं नाही, असं आजवर झालेलं नाही. मी सांगितलं. शिळं असायचं हेही सांगितलं.

मग पोरांमधून एक किंकाळी उठली, आनंदाची. "ग्रॉस!" (म्हणजे शी!) टकरांच्या सगळ्या लहान मुलांनी बाग डोक्यावर घेतली, आपल्या घराण्याचा इतका अभिमान त्यांना आजवर कधी वाटला नसावा. हॅल खाली वाकला. मला वाटलं, चक्कर आली. तो हसत होता, ढेरी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बॉबला हे कळायला हवं होतं," तो म्हणाला. मग त्याने हाताने डोळे पुसले आणि हाक मारली, "डोरिस, इकडे ये. माझी जागा घे. मला बसूनही फोटोत येता येतं."

डोरिसबाई आल्या आणि मार्जबाईंच्या शेजारी कड धरून उभ्या राहिल्या. मार्जबाई जागच्या हलल्या नाहीत, पण कोपर मात्र त्यांनी आत घेतलं. हॅलने मलाही ओढून एका टोकाला उभं केलं. मध्ये ठेवलेलं बाळ बोटभर जाडीच्या मऊ घोंगडीवर लगेच झोपी गेलं. नंतर घोंगडी घरी कोणी न्यायची याबद्दल कोणी बोललं नाही, आणि मी ती पुन्हा अभ्र्यात भरून नितीनच्या मोटारीत ठेवली.

ऑगस्टच्या अखेरीस मी साताऱ्याला परतले. अमेरिका कशी आहे, असं जो तो विचारतो. उंच इमारती आणि धबधबे बघायला मी गेलेच नाही, त्यामुळे सांगायला फारसं काही नसतं. मी एवढंच सांगते की सुनेची जागा तिथेही हलतीच असते. आडनाव लग्नात मिळतं असं मी तीस वर्षं मानत आले. आता मला वाटतं, ते मिळतं फक्त कागदावर. पुढे बाई ते हातापायांनी कमावते, आणि कमावलं हे मात्र दुसऱ्या कोणीतरी म्हणावं लागतं.

दिवाळीच्या सुमारास डोरिसबाईंचं पाकीट आलं. आत तो फोटो होता. मी एका टोकाला, पदर खोचलेला, तोंड अजून भांडणातलंच. सोबत चिठ्ठी होती. "दर वर्षी फोटोमागे सगळ्यांची नावं मार्ज लिहिते. माझं नाव ती कधी लिहीत नसे. आधी बॉबची बायको, नंतर बॉबची विधवा. फोटो उलटून बघ."

मी उलटला. बारीक, ताठ अक्षरात नावांची रांग होती, आणि मधोमध लिहिलं होतं, डोरिस टकर. सगळ्यात शेवटी माझ्याबद्दल होतं: घोंगडी बिघडवणारी बाई.

आम्ही तो फोटो दिवाणखान्यात लावलाय. मागची बाजू पुढे करून.